नान्नांचा हुंकार

बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला इंग्रजीच्या मॅडमनी आम्हाला एक जुनी भयकादंबरी लावली होती. माळावरचं एकटं दगडी घर, तिथं नोकरीला आलेली एक तरुण बाई, वरच्या मजल्यावर कुलूप लावलेली खोली आणि त्या खोलीतून येणारा पावलांचा आवाज. घरातल्या सगळ्यांना तो आवाज ऐकू येतो, पण बाईनं विचारलं की प्रत्येक जण म्हणतो, आम्हाला नाही बाई काही ऐकू आलं. मॅडम म्हणाल्या, "पाच पानं लिहा. वाचताना तुम्हाला स्वतःला काय वाटलं तेवढंच. गाइडमधलं एक वाक्य जरी दिसलं तरी शून्य देईन."

मी मुळातच घाबरट. परीक्षेच्या आधी पोटात गोळा, निकालाच्या आधी पोटात गोळा, कुणी नुसतं "तुझ्याशी बोलायचंय" म्हणालं तरी घशाला कोरड. पण त्या कादंबरीनं मला काही केल्या भीती वाटेना. रात्र झाली की म्हणे घर इतकं शांत होतं की जिन्यावरचं पाऊल ऐकू येतं. आता आमच्या घरात पाऊल ऐकू यायचं म्हणजे आधी शेजारचा कारखाना बंद पडायला हवा की! आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला लागूनच टॉवेलांचा यंत्रमाग कारखाना आहे. सकाळी सातला माग सुरू झाले की आमच्या फळीवरची पातेली किणकिणायला लागतात. भिंतीला लागून जे चार माग आहेत ते माझ्या वडिलांचे, म्हणजे ते त्यांच्यावर काम करायचे. घरी आम्ही तेलुगू बोलतो आणि वडिलांना नान्ना, आईला अम्मा म्हणतो.

कारखान्यात तोंडानं बोलून उपयोग नसतो. तिथली माणसं ओठ बघतात आणि हातानं बोलतात. बोटांनी कात्री केली की सुताची तार तुटली, अंगठा तोंडाला लावला की चहा. ही भाषा आमच्या घरातही आली होती. नान्नांना जेवायला बोलवायचं तर समोर जाऊन हाताचा घास करून दाखवायचा. ते बोलायचे मोठ्यानं, टीव्ही लावायचे मोठ्यानं. पाठीमागून हाक मारली तर वळायचे नाहीत. कारखान्यातली सवय, असं आम्ही म्हणायचो. आमच्या गल्लीत सगळ्याच बापांना ती सवय होती.

तर मी पाच पानांत प्रामाणिकपणे लिहून टाकलं, की मला भीती वाटली नाही. मॅडमनी वही परत केली. "म्हणजे तू नीट वाचलं नाहीस. हे पुस्तक कानानं वाचायचं असतं. शांत वेळ बघ आणि कुणाला तरी मोठ्यानं वाचून दाखव."

कुणाला म्हणजे, नान्नांनाच. लहानपणी तेच मला भुताच्या गोष्टी सांगायचे. त्यांचा एक नियम होता. ऐकणाऱ्यानं हुंकार द्यायचा. "हं... मग?" असं म्हणत राहायचं. हुंकार थांबला की गोष्टही थांबायची. पुढं माझी शाळा, क्लास, कॉलेज वाढलं आणि गोष्टी मागे पडल्या. मी पुस्तक घेऊन गेले तेव्हा नान्ना इतके खूश झाले की बिड्या वळत बसलेल्या अम्माला म्हणाले, "बघ, आता ही सांगणार आणि मी हुंकार देणार."

रविवार होता, दुपारची वेळ. वीज गेलेली, त्यामुळं माग बंद. गल्ली अशी चिडीचूप की अम्माच्या कात्रीखाली पानाची कर्रकर्र ऐकू येत होती. नान्ना खाटेवर बसले, मी समोर स्टुलावर. पुस्तक लायब्ररीचं, अक्षर मुंगीएवढं, आणि माझे डोळे अधू. मी पुस्तक नाकाला लावूनच वाचते. एक एक वाक्य वाचायचं आणि तेलुगूत सांगायचं, असं चाललं होतं. नान्ना मधेमधे "हं" म्हणत होते. बाई जिन्यापाशी आली. हं. वरून पाऊल वाजलं. हं, मग? आणि काय सांगू, मला पहिल्यांदाच भीती वाटायला लागली! अंगावर काटा आला. मॅडमचं खरं होतं तर.

मग एक असा शब्द आला की तो मला अडला. मी गप्प राहून पुढचं वाक्य नजरेखालून घालायला लागले.

"हं," नान्ना म्हणाले.

मला वाटलं, घाई झाली असेल. मी अजून बोलले नव्हते.

"हं... मग?"

मी पुस्तक तोंडासमोर तसंच धरून बसले. पान उलटलं. तोंडातून चकार शब्द काढला नाही. पुस्तकाच्या पलीकडून थोड्या थोड्या वेळानं, अगदी गोडीनं, हुंकार येत राहिला. हं. हं, मग? अरे बापरे! कादंबरीतली पावलं कुठल्या कुठं गेली. समोर माझा बाप बसला होता आणि न सांगितलेली गोष्ट ऐकत होता.

मी पुस्तक खाली केलं. नान्नांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि कौतुकानं मान हलवली. "लई भारी सांगतेस की."

मी अम्माकडे पाहिलं. तिची कात्री थांबली होती. तिनं हळूच बोट ओठांवर ठेवलं.

नान्ना बाहेर गेल्यावर मी तिच्यावर तुटूनच पडले. "तुला माहीत होतं? कधीपासून?"

"दोन वर्षं तरी झाली."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तू सांगून काय करणार होतीस? बोंब मारणार होतीस." पान कापता कापता ती बोलली. "मागच्या वर्षी त्या कोपऱ्यातल्या मागवाल्याला काढलं की. त्याला मागून कानाशी ओरडून सांगितलं, बाजूला हो. ऐकू आलं नाही, बोट गेलं. तेव्हापासून मालक म्हणतो, कान गेलेला माणूस मागावर नको. यांना कळलं तर आपलं काय?"

"पण मग नान्ना माग चालवतात कसे?"

"पायानं," अम्मा म्हणाली. "चपला काढून उभे राहतात. कुठला माग बिघडला ते त्यांना जमिनीतून कळतं."

आणि मला वाटायचं, फरशी गार लागते म्हणून ते मागावर अनवाणी असतात! कादंबरीत ऐकू येत असून लोक नाही म्हणतात, आणि आमच्या घरात हा माणूस ऐकू येत नसताना हुंकार देत बसलेला. मला रडू आलं आणि रागही आला. सगळ्यात जास्त माझाच आला. एवढी पुस्तकं वाचते, आणि दोन वर्षं एका घरात राहून कळलं नाही?

दुसऱ्या दिवशी लायब्ररीत बसून मी एका दमात पाच पानं लिहिली. त्या दुपारचीच, हुंकारासकट. लिहून झाल्यावर हलकं वाटलं, म्हणून मॅडमना देऊनही टाकली. मूर्ख कुठली! मॅडमनी वाचली, डोळे पुसले आणि म्हणाल्या, "हे तू वर्गात वाचायचंस." तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कारखान्याच्या मालकाची मुलगी माझ्याच वर्गात होती. माझ्या शेजारच्याच बाकावर, माझ्या डब्यातली शेंगाचटणी खाणारी. पोरगी स्वभावानं चांगली, पण पोटात तिच्या काही राहत नसे.

मंगळवारी तासाला मी उभी राहिले. ती माझ्याकडे हसून बघत होती, वाच की, म्हणून. मी ती पाच पानं घडी करून पुस्तकात ठेवली आणि गाइडमध्ये वाचलेलं पाठ होतं ते म्हणून दाखवलं. अंधार हे प्रतीक, जिना हे प्रतीक, कुलूप हेसुद्धा प्रतीक. "मी वाचलं ते हे नव्हतं," एवढंच मॅडम म्हणाल्या. "शनिवारी पुन्हा उभी राहा. नाहीतर मला शून्य द्यावं लागेल."

ते चार दिवस माझा जीव टांगणीला लागला होता. शेजारच्या मुलीनं काही विचारलं की वाटायचं, हिला कळलं. कारखान्यातून कुणी हाक मारली की वाटायचं, झालं, बोट गेलं.

शुक्रवारी दुपारी पुन्हा वीज गेली. नान्ना घरी आले आणि म्हणाले, "ती बाई वर गेली का नाही? गोष्ट पुरी कर." या वेळी मी पुस्तक मांडीवर ठेवलं, तोंड उजेडाकडे केलं आणि त्यांच्यासमोर बसले. म्हटलं, बघू तरी. आवाज न काढता, कारखान्यात बोलतात तशी, नुसत्या ओठांनी गोष्ट सांगायला लागले. आणि नान्ना खरंच ऐकायला लागले! बाईनं कुलपाला हात लावला तेव्हा त्यांनी श्वास रोखला. हुंकार बरोबर जागेवर पडायला लागला. मीही रंगात आले.

तेवढ्यात अम्मा आतून आली. "अगं, आवाज का काढत नाहीस?"

मी दचकले. माझी नजर तिच्याकडे गेली. नान्नांनी माझी नजर पाहिली, वळून अम्माचं तोंड पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मला कळलंय, हे त्यांच्या लक्षात आलं.

"कुणाला सांगितलंस?" त्यांनी विचारलं.

मी सगळं सांगितलं. पाच पानं, मालकाची मुलगी, गाइड. माझ्यावर ओरडतील असं वाटलं होतं. ओरडले, पण भलत्याच गोष्टीवरून. "माझ्यापायी नक्कल केलीस? वर्गासमोर? कुठायत ती पानं?"

मी आणली. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. मी तेलुगूत सांगत गेले, आवाज काढून, ओठ दिसतील असं. पाच पानं होईपर्यंत त्यांनी एकदाही हुंकार दिला नाही.

"उद्या हेच वाच," शेवटी म्हणाले. "मालकाला त्याच्या पोरीकडून कळायला नको. सकाळी मीच सांगतो."

"नान्ना, नको ना! शून्य मिळालं तर मिळू दे."

त्यांनी तोंड दुसरीकडे केलं. आता मी कितीही बोलले तरी त्यांच्यापर्यंत पोचणार नव्हतं, आणि ते त्यांना ठाऊक होतं.

शनिवारी साडेसहालाच ते गेले. मी कॉलेजचे कपडे घालून स्वयंपाकघरात उभी होते. अम्माचा हात भिंतीवर. सात वाजले. लांबचे माग सुरू झाले, मग मधले. आमच्या भिंतीचे चार अजून गप्पच. सव्वासात झाले. "चहा पाजला असेल मालकानं," अम्मा म्हणाली. मी मनातल्या मनात किती देवांना हात जोडले, माझं मला माहीत.

आणि फळीवरचं एक झाकण किणकिणलं. मग पातेली. एक, दोन, तीन, चारही माग! अम्मानं भिंतीला कपाळ टेकलं. मी तर टाळ्याच वाजवल्या. "ठेवलं गं! ठेवलं त्यांना!"

दारात सावली पडली. नान्ना उभे होते, हातात डबा तसाच.

मी एकदा भिंतीकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे.

"सोमवारपासून कांड्या भरायला ये म्हणाला," ते म्हणाले. कांड्या भरायचं, म्हणजे नळ्यांवर सूत गुंडाळायचं काम कारखान्यात म्हातारे आणि बायका करतात. "वाईट बोलला नाही हां. चहा दिला."

ते आत येऊन खाटेवर बसले. पायात चपला होत्या. अम्मानं आयुष्यभर कुणाला चपला घालून आत येऊ दिलं नव्हतं, पण आज ती काही बोलली नाही. पातेली वाजत होती, फरशी थरथरत होती, आणि नान्नांनी चपला पायातून काढल्या नाहीत.

"तुझी बस जाईल," ते मला म्हणाले. "मोठ्यानं वाच. मागच्या बाकापर्यंत ऐकू गेलं पाहिजे."