मुलांचा पैरा

आमच्या भागात शेतकरी एकमेकांचा पैरा करतात. आज तुम्ही आमच्या रानात राबा, उद्या आम्ही तुमच्या रानात येतो. मजुरीचं नाव नाही. सत्तरच्या दशकात पलूसकडच्या आमच्या गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेनं हाच पैरा मुलांचा केला. साहेब तपासणीला आले की ओढ्यापलीकडच्या वस्तीवरच्या शाळेतली पोरं आमच्या वर्गांत आणून बसवायची, आणि वस्तीची तपासणी असली की आम्ही तिकडं जायचं. याला लबाडी म्हणावं असं कुणाला वाटत नसे.

आमची शाळा सहावीपर्यंत होती आणि मी सहावीत होते. मुलांचा पट भरलेला दिसला तर जूनपासून सातवीचा वर्ग मिळणार होता, नाहीतर माझी शाळा तिथंच संपणार होती. मुलगे पुढं सायकली हाणत पलूसला जात. मुलींना कोण धाडतंय? घरात माझ्यासाठी स्थळ बघायची भाषा सुरूसुद्धा झाली होती.

तपासणीच्या दिवशी वस्तीवरून पोरं आली, त्यात माझी आतेबहीण होती. ती तिसरीत शिकत होती. आईनं तिला माझा जुना परकर-पोलका घातला आणि डोक्यावर चपचपीत तेल थापलं. हेडगुरुजींनी बजावलं, "हू का चू करायचं न्हाई. ताठ बसायचं." ती अशी काही ताठ बसली की मला हसू आवरेना. साहेबांनी नेमकं तिलाच कविता म्हणायला लावलं. तिनं न अडखळता म्हटली. "पोरगी चुणचुणीत आहे," साहेब म्हणाले. हेडगुरुजी मिशीतल्या मिशीत हसले.

जेवणं झाली, पान खाऊन झालं. जीपकडं जाताना साहेब म्हणाले, "वस्तीची शाळा वाटेवरच आहे ना? तीही बघून टाकतो."

असं त्यांनी आजवर कधी केलं नव्हतं. जीप रस्त्यानं निघाली आणि इकडं पोरांना मागच्या दारानं उसातून पिटाळलं. आतेबहीण परकर खोचून सगळ्यांच्या पुढं पळत सुटली. पण जीपच आधी पोचली. साहेबांनी आपल्याला ओळखलं तर सगळंच फसेल, एवढं त्या पोरीला कळलं, आणि ती उसाच्या कडेला दडून बसली. बाकीची तिच्या मागं. तिनंच मला सगळं नंतर सांगितलं. वस्तीवरचे गुरुजी रिकाम्या बसकरपट्ट्यांसमोर एकटेच उभे होते. खरं बोलले असते तर आमची सातवी बुडाली असती. "सुगी हाय सायेब, पोरं रानात गेल्यात," एवढंच ते म्हणाले.

जूनला आम्हाला सातवी मिळाली. गावानं पेढे वाटले. वस्तीची शाळा बंद झाली, गुरुजींची बदली पार जतकडं झाली, आणि वस्तीवरच्या पोरांनी गावात यावं असा हुकूम निघाला. मुलगे आले. पण पावसाळ्यात ओढा भरून वाहायचा, आत्याला लेकीचा घोर. तिनं पोरीला घरीच ठेवलं. अजून आठवलं की माझं डोकं फिरतं. एवढी हुशारी लढवणाऱ्या जाणत्या माणसांपैकी एकालाही त्या ओढ्यावर साकव टाकावा असं सुचलं नाही. पैरा फेडायचा असतो म्हणतात. तो कुणीच फेडला नाही, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं.

सातवी पास झाल्यावर मी पेढे घेऊन वस्तीवर गेले. ती उसात भांगलत होती. खुरपं खाली ठेवून, परकराला हात पुसून तिनं पेढा घेतला.

"आक्का, त्या दिशी मी लय ताठ बसले हुते, न्हवं?"

"व्हय गं, लय ताठ," मी म्हणाले.

"मग! म्हणून तर तुला सातवी घावली."

ती खुशीत हसली आणि पुढच्या सरीला लागली.