पाहुण्यांसाठी उंच टांगलेले पडदे

इथे आखातात, मंगफमधली आमची मराठी मंडळी अजूनही सांगतात, की म्हाताऱ्याची नजर गेली होती, टाकी भरून वाहायची थोडक्यात वाचली आणि साहेबांनी दया म्हणून त्याची नोकरी राखली. सांगणाऱ्यांपैकी एकही जण त्या दुपारी कंट्रोल रूममध्ये नव्हता. मी होतो.

टाक्यांचे आकडे दाखवणारे संगणकाचे नवे पडदे आमच्या टेबलांवर न ठेवता समोरच्या भिंतीवर उंच टांगले, कारण मागच्या काचेआड उभ्या राहणाऱ्या पाहुण्यांना आमच्या डोक्यांवरून ते दिसायला हवे होते. माझा चष्मा दुहेरी भिंगांचा. आकडे फक्त खालच्या भिंगातून स्पष्ट दिसत. वरची रांग वाचायची तर हनुवटी छताकडे करावी लागे. दुपारपर्यंत मान लाकडासारखी होई, उजव्या हाताची बोटे बधिर पडत. मी पहिल्याच आठवड्यात तक्रार केली. उत्तर मिळाले, "होईल सवय."

त्या दिवशी मानेत कळ आली म्हणून मी खाली पाहिले. पुन्हा वर पाहतो तो टाकीची पातळी धोक्याच्या रेषेला टेकलेली. गजर वाजण्याच्या आत व्हॉल्व्ह मीच बंद केला. थेंबही सांडला नाही. तरी आमचा नाशिककर शिफ्ट इन्चार्ज सर्वांसमोर म्हणाला, "काका, डुलकी लागली का? आता नातवंडं खेळवा!"

साहेब पुण्याचे. त्यांनी मला डोळे तपासून घ्यायला सांगितले. अपात्र ठरलो असतो तर नोकरी आणि तिच्यासोबत इकामा, म्हणजे इथला निवासाचा परवाना, दोन्ही गेले असते. धाकटीचे शाळेचे शेवटचे वर्ष होते.

"डोळे जरूर तपासा," मी म्हणालो, "पण आधी माझ्या खुर्चीत बसा. चष्मा तुमचाही दुहेरीच आहे."

ते बसले. वरची रांग वाचताना त्यांची हनुवटी उचलली गेली, तोंड उघडे पडले.

"मान खाली आणू नका, साहेब. मी पूर्ण पाळी असाच बसतो."

थोड्याच वेळात त्यांचा हात मानेमागे गेला.

"सर, चष्मा जरा वर सरकवून बघा," शिफ्ट इन्चार्ज पुटपुटला.

"तू गप्प बस!" साहेब म्हणाले.

त्याच आठवड्यात पडदे डोळ्यांच्या रेषेखाली उतरवले गेले. पाहुण्यांना आमची टकले पाहावी लागली. माझे डोळे तपासण्याची गोष्ट पुन्हा कोणी काढली नाही आणि इकाम्याचे नूतनीकरण झाले. दयाच दाखवायची असती, तर साहेबांनी मला मागच्या एखाद्या टेबलावर बसवले असते आणि पडदे होते तिथेच राहिले असते.