व्हॉल्व्हची ऊब

जाहिरातींना आवाज देणं हा माझा धंदा. मिरा रोडला, सिल्व्हर पार्कमधल्या आमच्या फ्लॅटची छोटी बेडरूम हा माझा स्टुडिओ. (गाद्या भिंतीला उभ्या केल्या की स्टुडिओ, आडव्या टाकल्या की बेडरूम!)

मध्यंतरी मला व्हॉल्व्हचा प्रीअँप घ्यायची हुक्की आली. म्हणजे माइकचा आवाज वाढवणारं जडशीळ खोकं, तेही मी स्वतःच उचलून घरी आणलं. आत जुन्या रेडिओत असायचे तसे काचेचे दिवे.

"त्याने काय होतं?" वैशालीने, माझ्या बायकोने, विचारलं.

"आवाजाला ऊब येते."

"एवढं वजन उचलून घाम आलाय तुम्हाला, अजून ऊब कशाला?"

दुसऱ्याच दिवशी घोडबंदरहून सावंतसाहेब आले. त्यांना त्यांच्या मसाल्यांची जाहिरात करायची होती. आवाज पसंत पडला तर वर्षभराचं काम माझं! त्यांना हॉलमध्ये बसवून चहा दिला, मशीन तापवलं, खुर्चीत बसलो, हेडफोन लावला... आणि कानात घूंऽऽऽ!

"फ्रिज बंद कर!" मी ओरडलो. वैशालीने केला. घूंऽऽऽ.

"पंखे! ट्यूबलाइट! राउटर!"

सगळं बंद. घूंऽऽऽ. हॉलमध्ये सावंतसाहेब अंधारात, घामाघूम, दुसरा चहा पीत होते.

मी शेजारच्या मीनाबेनची बेल दाबली.

"मिक्सर बंद करो ना, प्लीज!"

"अरे भाई, चटणी तो पीसने दो!"

"दस मिनिट! शांती चाहिए!" मी एवढ्या मोठ्याने ओरडलो, की वरच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकायला लागलं. मग जिन्यात उभा राहून कुत्र्यावर ओरडलो. कुत्र्याच्या मालकावर ओरडलो. परत येऊन बसलो, तर घूं तसाच!

"पंप!" मला साक्षात्कार झाला. वरच्या मजल्यांना पाणी चढवणारा पंप! धावत खाली गेलो आणि वॉचमन "साहब, साहब" करेपर्यंत स्विच पाडला.

पाचच मिनिटांत दारावर धाडधाड. बाहेर आमचे सेक्रेटरी पांडेजी. कमरेला टॉवेल, अंगभर साबण, एक डोळा मिटलेला.

"पानी किसने बंद किया?"

"पांडेजी, रेकॉर्डिंग..."

"हम नहा रहे थे कि रेकॉर्डिंग कर रहे थे?"

सावंतसाहेब तिसरा चहा ठेवून उठले. "मी नंतर येऊ का?"

"नको नको, दोनच मिनिटं!" मी आत पळालो. खाली बसून सवयीने बटण दाबलं, आणि वैशाली दारातून म्हणाली, "हे काय लावलंत?"

"कंबर शेकायचा विजेचा पट्टा. काल ते खोकं उचलताना कंबर धरली ना! बाहेर जाताना काढतो, बसलो की लावतो."

ती पुढे आली, माझ्या डोक्यावरचा हेडफोन काढून स्वतः लावला, आणि कंबरेच्या पट्ट्याचं बटण बंद केलं. मग चालू केलं. परत बंद केलं.

"अहो," ती फार शांतपणे म्हणाली, "घूं तुमच्या कंबरेतून येतोय."

मी पट्टा फेकला. वैशालीने खाली निरोप पाठवून पंप चालू करायला लावला. पांडेजी ठिबकत गेले. हेडफोनमध्ये अशी शांतता, की माझेच डोळे भरून आले! माइकसमोर वाकलो, छाती भरून श्वास घेतला आणि म्हणालो, "क्खर्रर्र."

सकाळपासून शांततेसाठी ओरडून ओरडून माझा आवाज बसला होता! साधा हुंकारसुद्धा निघेना. सावंतसाहेबांनी घड्याळ बघितलं. वैशालीने माझ्या हातातला कागद घेतला, पदर खोचला आणि एका दमात जाहिरात वाचली. अगदी कढईत फोडणी टाकून मागे वळून बोलावं, तशी!

"हाच आवाज!" सावंतसाहेब टुणकन उठले. "वर्षभर हाच पाहिजे. ताई, तुम्ही आधी का नाही बसलात? आणि मघापासून ओरडताहेत ते हे नक्की काय काम करतात?"

वैशालीने माझ्याकडे पाहिलं. "ते आमचे टेक्निशियन."

मी जोरात मान डोलावली. आवाज नव्हता म्हणून नव्हे. एवढी मोठी पदवी मला आजवर कुणी दिली नव्हती!