कडीखालचा रंग

रंगारीमामांना गल्लीतलं एकूणएक फाटक तोंडपाठ होतं. कुठल्या फाटकाला आपण कोणता रंग दिला, हे ते झोपेतून उठवलं तरी सांगत. आणि खरं म्हणजे जागेपणीही ते अर्धे झोपेतच असत. गंज घासायला बसले की तारेच्या ब्रशच्या खरखरीवर त्यांचे डोळे मिटत, हात मात्र चालूच. हल्ली तो हात जरा थरथरायचा. त्याचं त्यांना फारसं काही वाटत नसे. हात थरथरला तर जाड ब्रश घेता येतो. आठवण थरथरली तर काय घ्यायचं?

म्हणून शाळेतून निवृत्त झालेल्या बाईंनी आपल्या फाटकाचा जुना रंग विचारला, तेव्हा मामांनी क्षणाचाही विलंब न लावता "निळा" सांगून टाकला. बाईंची लेक अकरा वर्षांनी रविवारी घरी येणार होती. ती गेली तेव्हाच्याच रंगाचं फाटक तिला दिसावं, एवढाच बाईंचा हट्ट. मधल्या काळात दुसऱ्याच कुणा रंगाऱ्याने त्यावर करडा फासला होता. बाईंचे यजमान पायरीवरून हिरवा, हिरवा म्हणत होते. पण चाळीस वर्षांच्या संसारात त्यांचं एकही म्हणणं मंजूर झालेलं नव्हतं, त्यामुळे ते सवयीने गप्प बसले. निळ्याचा डबा आला.

मामांची एक खोड होती. बाकीचे रंगारी कडीकोयंड्यावरूनच ब्रश फिरवून मोकळे होतात. मामा कडी, बिजागऱ्या, सगळं उतरवून रॉकेलमध्ये बुडवून ठेवत. लोखंडालाही अंघोळ लागते, म्हणत. तशी त्यांनी कडीची पट्टी उतरवली, आणि तिच्याखाली त्यांनीच दिलेला रंगाचा जुना हात निघाला. दोन बोटं रुंद, ऊन-पाऊस न पाहिलेला, पिस्त्याच्या रंगाचा.

मामा बघत राहिले. गजांच्या सावल्या अंगणात लांबत गेल्या. त्यांना दिसलं, खांद्याला बॅग लावलेली एक मुलगी ओल्या फाटकाला हात टेकवून उभी आहे, आणि तळवा पिस्ता झाला म्हणून हसते आहे. ही आठवण होती की डुलकी, त्यांना सांगता येईना.

पट्टी परत बसवली असती तर कुणाला कळणार होतं? निळ्याचा डबा उघडाच होता. मामांनी त्यावर झाकण दाबलं आणि हाक मारली.

"बाई, मी चुकलो."

बाईंनी चष्मा लावला. बोट पुढे करून त्या रंगाला हलकेच लावलं.

"मी हिरवाच म्हणत होतो," यजमान म्हणाले.

"हिरवा नाही, पिस्ता आहे," बाई म्हणाल्या. पण आवाजात नेहमीची छडी नव्हती.

मग हिरव्याचा डबा आला. त्यात पांढरा, थेंबभर पिवळा, असं करत मामा ढवळत बसले. जरा वेळाने बाईंनी सहज विचारलं, समोरच्यांच्या फाटकाला तुम्ही कोणता दिला होता हो?

मामांनी मान वर करून निवांत पाहिलं.

"आठवत नाही," ते म्हणाले. "कडी काढून बघावी लागेल."