माझा धाकटा भाऊ, अविनाश

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. आईला नाही, बहिणीला नाही, इथे तोक्योच्या कोतो भागातल्या आमच्या मैत्रिणींना नाही — आणि त्या मैत्रिणींना मी काय काय सांगून बसलेय हे कळलं, तर तुम्ही कानांवर हात ठेवाल. अविनाशला तर नाहीच नाही. अविनाश म्हणजे माझा नवरा. हे आधीच नीट सांगून ठेवते, कारण सगळा घोळ तिथेच आहे.

सुरुवात हसण्यासारखी आहे. खुशाल हसा. मीही हसले होते.

लग्न होऊन मी सांगलीहून तोक्योला आले, तेव्हा अविनाश तिथे चांगला मुरलेला होता. आयटीवाल्यांची लाट नंतरची. पुढे कोतोमधल्या उंच उंच इमारती आपल्या लोकांनी भरून गेल्या, दुकानात हिंग मिळायला लागला, गणपती बसायला लागला. हा त्याच्याही आधीचा. कालव्याजवळच्या एका जुन्या दुमजली घरात वरच्या मजल्यावर राहायचा आणि जपानी असं बोलायचा की फोनवर लोक त्याला ओसाकाचा समजायचे. मला मात्र ‘नमस्कार’ आणि ‘माफ करा’ एवढंच यायचं. ‘माफ करा’ जास्त.

खाली मोरिता-सान राहायच्या — ‘सान’ म्हणजे आपलं ‘जी’. सत्तरी उलटलेल्या, एकट्या, पाठीत किंचित वाकलेल्या. आल्या आल्या शेजाऱ्यांना काहीतरी गोड नेऊन द्यायची तिथे रीत आहे, म्हणून मी बेसनाचे लाडू घेऊन खाली गेले. वाक्य आरशासमोर घोकलं होतं — मी आणि माझा नवरा वर राहतो, सांभाळून घ्या. आता, नवऱ्याला जपानीत म्हणतात ओत्तो. आणि धाकट्या भावाला म्हणतात ओतोतो. घाबरलेलं माणूस शब्द लांबवतं. मी लांबवला.

मोरिता-सान कौतुकाने म्हणाल्या, “असं का, असं का!” मी तीनदा वाकले आणि विजयी मुद्रेने वर आले.

महिन्याभराने जपानीच्या वर्गात बाईंनी फळ्यावर कुटुंबाचं झाड काढलं, आणि ओतोतोच्या फांदीवर एक चड्डीतला मुलगा काढला. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. संध्याकाळी अविनाशला सांगितलं. तो हसून हसून जमिनीवर लोळला. मग डोळे पुसत म्हणाला, “उद्या जाऊन सांग हं त्यांना.” दुसऱ्या दिवशी विचारलं, “सांगितलंस?” मी म्हटलं, “हो. खूप हसल्या.”

नव्हतं सांगितलं. का नव्हतं? गेले होते ना मी खाली. पण दार उघडताच त्यांनी माझ्या हातात उकडलेल्या भोपळ्याचं भांडं ठेवलं आणि म्हणाल्या, “भावासाठी इतक्या लांब आलीस. तुझ्यासारखी बहीण मी पाहिली नाही.” निदान मला तेवढं कळलं. आता सांगा — आयुष्यात पहिल्यांदा एका परक्या देशात कुणी माझं कौतुक करतंय, हातात गरम भांडं आहे, आणि मी म्हणू की नाही हो, मी साधी बायको आहे?

आणि मग मला त्याची गोडी लागली. हे मात्र खरं सांगते. नवऱ्याबद्दल तक्रार केली की ऐकणारी बाई सल्ला देते. भावाबद्दल केली की खायला देते. अविनाश मोजे कुठेही टाकतो, सुट्टीच्या दिवशी बारापर्यंत लोळतो, केलेल्या भाजीकडे बघून “आज हीच का?” विचारतो — सगळं मी खाली जाऊन मोडक्यातोडक्या जपानीत ओतायचे. मोरिता-सान मान हलवायच्या, चहा ओतायच्या. माझं जपानी सुधारलं ते वर्गात नाही, अविनाशची निंदा करताना. कचऱ्याचे वारसुद्धा त्यांनीच शिकवले. जळणारा कोणत्या दिवशी, बाटल्या कोणत्या दिवशी, बाटलीचं झाकण वेगळं, त्यावरचा कागद वेगळा. त्यांची कधी चूक झाली नाही. माझ्या झालेल्या चुका त्या गुपचूप उचलून आपल्या घरात ठेवायच्या आणि योग्य वारी बाहेर काढायच्या.

अविनाशला कळलं कसं नाही, म्हणता? तो सकाळी लवकर जायचा, उशिरा यायचा. भेटले तर दोघं हवापाण्याचं बोलायचे. आणि त्या आम्हा दोघांनाही कुरु-सानच म्हणायच्या. ‘कुलकर्णी’ला जपानी जिभेवर जागा नाही, जे पहिलं हाताला लागलं ते त्यांनी ठेवून घेतलं. आडनाव एकच — नवरा-बायकोचंही, बहीण-भावाचंही.

मग एके दिवशी त्यांनी अविनाशसाठी मुलगी आणली. फोटो आणला. उत्तरेकडच्या सेंदाई शहरातली होती, दातांच्या डॉक्टरकडे कामाला. सुंदर होती हो! मला इतका राग आला की काय सांगू. मी म्हटलं, तो भयंकर घोरतो. त्या म्हणाल्या, “माहीत आहे. छत पातळ आहे.” मग मी घाईघाईने म्हटलं, आमच्यात मोठ्या बहिणीचं लग्न आधी होतं.

त्यांनी विचार केला. पुढच्या आठवड्यात दुसरा फोटो आणला. त्यांच्या मुलाचा. सेंदाईच्या विद्यापीठात नोकरीला, घटस्फोट झालेला, शांत स्वभावाचा. “घाई नाही,” त्या म्हणाल्या. मी म्हटलं, आईवडिलांना विचारते. तेव्हा सांगायला हवं होतं, नाही का? तेव्हा तरी? मी तो फोटो दोन्ही हातांनी परत दिला, जसा द्यायचा असतो तसा, आणि त्या माझ्या नम्रतेवर आणखीच खूश झाल्या.

अशी वर्षं गेली. अविनाशला कायमच्या वास्तव्याचा परवाना मिळाला, मग माझ्यासाठी अर्ज केला. सांगलीला आम्ही त्याला ग्रीन कार्डच म्हणायचो, कारण तो शब्द तिथे सगळ्यांना कळतो. मुलाखतीला दोघांनाही बोलावलं आणि वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं. घरात स्वयंपाक कोण करतं? मी म्हटलं, मी. पलीकडच्या खोलीत अविनाशने सांगितलं, दोघं मिळून. येताना आम्ही सबवेत इतके भांडलो की लग्न खरं असल्याचा पुरावा अख्ख्या डब्याला मिळाला.

पण मुलाखत संपताना अधिकारी म्हणाले होते, कदाचित घरी येऊन बघू, शेजाऱ्यांशीही बोलू. अविनाश खूश. “मोरिता-सान आहेत ना! त्यांच्यासारखा साक्षीदार कुठे मिळणार?”

मी विषय बदलला.

लग्न खोटं ठरलं तर माझा परवाना गेलाच, आणि अविनाशवरही संशय आला असता. तिकडे सासूबाईंनी देव पाण्यात घातले होते. फोन करून विचारायच्या, “आलं का गं? अजून किती दिवस ठेवू? गणपतीच्या सोंडेचा रंग जायला लागलाय.” मी रोज ठरवायचे, आज खाली जाऊन सांगायचं. गेलेही. एकदा दार उघडल्यावर म्हणाले, हवा छान आहे. एकदा म्हणाले, हवा छान नाही. एकदा तर इतका वेळ नुसती वाकून उभी राहिले की त्यांना वाटलं माझी कंबर धरली. त्यांनी कंबरेला चिकटवायचा मलमाचा कागद आणून दिला. मी तो लावला.

आणि ते आले. दुपारी. एक तरुण अधिकारी, घामाघूम, आणि बरोबर घरमालकाकडून इमारत बघणारे एक गृहस्थ. आधी खाली थांबले. छत पातळ, तशीच जमीनही पातळ. मी चटईला कान लावला. मोरिता-सान मन लावून बोलत होत्या. “कसली बहीण आहे! भावासाठी स्वतःचं लग्न लांबवलं तिने!”

मग जिन्यावर पावलं. माझं दार. तो अधिकारी फार अदबीने म्हणाला, “खालच्या बाई म्हणतात, तुम्ही दोघं बहीण-भाऊ आहात.”

मला हसता आलं असतं. ओत्तो आणि ओतोतो — तो जपानी होता, त्याला एका क्षणात कळलं असतं. तोही हसला असता. पण मग त्याने विचारलं असतं, इतकी वर्षं? दुरुस्त का नाही केलंत? उत्तर माझ्याकडे तुम्हाला मघाशी दिलं तेच होतं, भोपळ्याचं — ते सरकारी माणसाला कसं द्यायचं?

मी आवाज खाली आणला. म्हटलं, “त्यांचं वय झालंय हो. हल्ली विसरतात. परवा बाटल्या चुकीच्या दिवशी बाहेर ठेवल्या.”

बाटल्या मी ठेवल्या होत्या.

अधिकाऱ्याच्या चेहऱ्यावर कणव आली. त्याने लग्नाचे फोटो पाहिले, दोन टूथब्रश पाहिले, अविनाशचे मोजे पाहिले — त्या दिवशी पहिल्यांदाच ते बाहेर पडलेले असल्याचा मला आनंद झाला — आणि माफ करा, माफ करा म्हणत तो गेला. इमारत बघणारे गृहस्थ मात्र जिन्यात थांबले. “विसरतात? एकट्या राहतात. गॅस आहे घरात,” असं स्वतःशीच म्हणाले. त्यांनी सेंदाईला मुलाला फोन केला. चांगला माणूस. त्यांचं काय चुकलं?

मुलगा लगेच आला आणि आईला तपासण्यांसाठी घेऊन जायचं ठरलं. थोड्या दिवसांसाठी, असं म्हणाले. निघायच्या आदल्या दिवशी मोरिता-सान वर आल्या. कधी वर यायच्या नाहीत, गुडघे दुखायचे. चपलांच्या जागेत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “कुरु-सान, मी त्यांना सांगितलं की तुम्ही बहीण-भाऊ. ते म्हणतात, नवरा-बायको आहात. खरं काय आहे?”

बघा. मी खाली जायला कचरत होते, तर त्या स्वतः जिना चढून आल्या. दार बंद होतं. अधिकारी नव्हता. अविनाश नव्हता. मी काहीही सांगू शकले असते.

मी म्हटलं, “आम्ही नवरा-बायको आहोत. मी पहिल्याच दिवशी तुम्हाला सांगितलं होतं.”

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. काहीतरी शोधत होत्या — माझ्या चेहऱ्यावर नाही, स्वतःच्या डोक्यात. मग म्हणाल्या, “असं का. म्हणजे खरंच विसरायला लागले मी.” आणि एकदम तोंडावर हात धरून हसल्या. “आणि मी तुझ्या नवऱ्यासाठी मुलगी आणली! तुला माझ्या मुलाचा फोटो दाखवला! किती वाईट वाटलं असेल तुला. माफ कर हं.”

मी माफ केलं. हो, मी म्हटलं, “काही हरकत नाही.”

परवाना आला. सासूबाईंनी देव बाहेर काढले, पुसले, सत्यनारायण घातला. अविनाशने श्रीखंड आणलं आणि म्हणाला, मोरिता-सान असत्या तर त्यांनाही दिलं असतं, त्यांच्यामुळेच झालं.

पुढे काही महिन्यांनी त्यांचा मुलगा घर रिकामं करायला आला. सामान गाडीत चढवून झाल्यावर वर आला, माझे आभार मानायला. फोटोत होता तसाच, फक्त केस कमी. डॉक्टरांना काही विशेष सापडलं नाही, म्हणाला. आई वयाच्या मानाने उत्तम आहे. पण तिचा स्वतःवरचा विश्वासच गेलाय. गॅस बंद केला का, हे पुन्हा पुन्हा बघते. कुणाचं नाव घ्यायच्या आधी मला विचारते, बरोबर आहे ना? मग जरा थांबून, मान खाली घालून म्हणाला, “तुमच्याबद्दल ती फोनवर कितीतरी वर्षं सांगायची. वर एक बहीण आणि तिचा भाऊ राहतो म्हणून. म्हणजे तेव्हापासूनच सुरू झालं असणार. मी मुलगा असून माझ्या लक्षात आलं नाही.”

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. एव्हाना माझं जपानी चांगलं झालं होतं. कुठलाही शब्द लांबवायची, तोकडा करायची गरज नव्हती.

मी म्हटलं, “तुम्ही स्वतःला दोष देऊ नका.”

तो वाकला. मी त्याच्याहून खाली वाकले, आणि तो जिना उतरून जाईपर्यंत तशीच राहिले.