डी ड्राइव्हचे सर

भूकंपानंतर लातुरात घरांपेक्षा क्लासेस जास्त उगवले. आमच्या क्लासचे कॉम्प्युटरवाले सर प्रोग्राम लिहीत नसत, काढत. स्क्रीनवर डबे मांडायचे आणि त्यांना तारा जोडायच्या. वायरमननं पाहिलं तर नोकरी सोडावी, असा गुंता! ड्राइव्ह, फोल्डर, फाइल अशी नावं तारांनी जोडून ते फाइलीचा पत्ता बनवत. चहा मागवतानाही जिल्ह्यापासून सुरुवात करून कपापर्यंत येत.

निकालाच्या दिवशी हॉलमध्ये देवणीपासून मुदखेडपर्यंतचे पालक जमले. निकालाची फाइल हॉलच्या कॉम्प्युटरवर आणली होती, पण सरांचा प्रोग्राम ती डी ड्राइव्हवर शोधत होता, आणि त्या मशीनला डी नव्हताच. पालक खुर्च्या आपटू लागले.

क्लासचे मालक घामाघूम. "अहो सर, डी काढून सी टाका की!"

"न्हाई जमत, साहेब. पत्ता बरोबर हाय, घर चुकलंय."

सर तडक बाहेर पडले, ते ऑटोतूनच परतले. मांडीवर त्यांचा डी ड्राइव्हवाला अख्खा कॉम्प्युटर, नव्या नवरीसारखा शालीत गुंडाळलेला. तो जोडताच निकाल पडद्यावर झळकला. टाळ्या थांबेनात.

सर मालकांकडे वळले. "बघा, पत्त्याला हात लावला का?"