तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे

मी पडदे शिवतो आणि माझी बायको लिफ्ट दुरुस्त करते. हे ऐकलं की लोक आधी हसतात, मग माझ्याकडे आदरानं बघतात. खरं सांगायचं तर त्या आदरासाठीच मी ते सांगत फिरायचो. "मी घरात पुष्कळ मदत करतो," हे माझं आवडतं वाक्य. मदत म्हणजे काय, तर डबा ती भरायची आणि झाकण मी लावायचो.

एकदा ठमीला, म्हणजे आमच्या चार वर्षांच्या मुलीला, लस द्यायची होती आणि बायकोची ड्यूटी होती. मी दुकान बंद केलं. शेजारच्या तीन दुकानदारांना 'मुलीला दवाखान्यात नेतोय' असं मुद्दाम थांबून सांगितलं आणि निघालो. दवाखाना सहाव्या मजल्यावर. लिफ्टमध्ये एक आजी होत्या, हातात एक्स-रेचं पाकीट घेऊन.

"आई नाही आली?" त्यांनी ठमीला विचारलं.

"ती कामावर आहे," मीच उसासा टाकून म्हणालो. बायको जणू सहलीला गेली होती!

"किती करता हो तुम्ही! आमच्या ह्यांना पोरं कितवीत आहेत तेही ठाऊक नसायचं."

माझी छाती फुगली. ती पुरती फुगायच्या आत लिफ्ट गचका देऊन थांबली.

मी सगळी बटणं दाबली. मग दार ओढायला लागलो.

"बाबा, ओढू नका," ठमी म्हणाली. "आई म्हणते, लोक तेच करतात."

शेवटी मदतीचं बटण दाबलं. हा फोन थेट ड्यूटीवरच्या मेकॅनिकला जातो, हे मला माहीत नव्हतं. नवरा असून.

"बोला. किती जण अडकलात?"

"अगं, मी आहे मी!"

"किती जण?"

"मी, ठमी आणि एक आजी. लवकर ये ना!"

"कुणाला काही त्रास होतोय?"

"मला होतोय."

"बाबांना नुसता घाम आलाय," ठमीनं ओरडून सांगितलं.

मग बायको म्हणाली, "इथे दुसऱ्या इमारतीत एक गरोदर बाई अडकल्यात. त्यांना काढते आणि येते. चाळीस मिनिटं लागतील. दाराला हात लावू नका. घाम आलेले गृहस्थ, तुम्ही खाली बसून घ्या."

लग्नाला सात वर्षं झाली होती. तिनं मला पहिल्यांदाच 'तुम्ही' म्हटलं.

खाली बसल्यावर ठमीनं पाणी मागितलं. मी बाटली आणली नव्हती. आजींनी आपली दिली. लस कुठली, असं त्यांनी विचारलं. मला माहीत नव्हतं. कार्ड? घरी राहिलं होतं.

"पहिल्यांदाच आणलंत वाटतं?"

"छे छे," मी म्हणालो.

"हो," ठमी म्हणाली.

आजी मग एक्स-रे बघत बसल्या.

पाऊण तासानं वरून खडखडाट झाला, लिफ्ट इंचाइंचानं वर सरकली आणि चौथ्या मजल्याचं दार उघडलं. समोर बायको, कपाळावर ग्रीसचा पट्टा. तिनं आधी आजींना हात दिला, मग ठमीला उचललं. मी आपला आपण बाहेर आलो.

"धन्य आहे बाई तुमची," आजी म्हणाल्या. "पण घरी या पोरीचं कोण बघतं?"

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. "ह्यांची मदत असते," ती म्हणाली.

"ह्यांची?" आजींनी मला आपादमस्तक न्याहाळलं. तेवढ्यात लिफ्ट पुन्हा बंद पडणार असती तर मी आनंदानं आत गेलो असतो.

बायकोनं मोबाइलमधला कार्डाचा फोटो मला पाठवला आणि पुढच्या तक्रारीवर गेली. आम्ही दोन मजले जिन्यानं चढलो. डॉक्टरबाईंनी विचारलं, "मागच्या वेळी ताप आला होता का?" मी बायकोला फोन लावला, तिनं उचलला नाही. ताप आलेल्या रात्री मी घरातच होतो म्हणे. झोपलेला.

संध्याकाळी मी मोठ्या मनानं म्हणालो, "तू मला यादी करून दे. सगळं मी करतो."

"यादी करणं हेच तर काम आहे," ती बूट काढत म्हणाली. ती चिडली नव्हती. दमली होती, आणि ते मला जास्त लागलं.

तेव्हापासून दवाखाना, शाळा आणि कपडेलत्ते माझ्याकडे आहेत, यादीसकट. एकदा मी सुट्टीच्या दिवशी ठमीला दप्तर पाठीला लावून शाळेच्या बंद फाटकापाशी उभं केलं. दुकान आता दुपारी तीनला बंद होतं. पडदे चार दिवस उशिरा मिळतात आणि गिऱ्हाइकं कुरकुर करतात. बायको वरची परीक्षा पास झाली, आता ती नव्या मेकॅनिकांना शिकवते.

गेल्या आठवड्यात मी ठमीला न नेता तिचे बूट आणले. दोन नंबर मोठे निघाले. बायकोनं ते पाहिले, तोंड उघडलं आणि मिटलं. तिला किती कष्ट पडले असतील, ते मला दिसत होतं. दुसऱ्या दिवशी मी बूट बदलायला गेलो, ठमीला घेऊन.